जागा चार, विभाग अकरा : क्रम कसा लावावा?

प्रश्न : मी सोलापुरातील एका अनुदानित वरिष्ठ महाविद्यालयात उपप्राचार्य आहे. आमच्याकडे सहायक प्राध्यापकांची ९ मंजूर पदे रिक्त आहेत, पण तूर्त चारच भरता येतील असे दिसते. विभागप्रमुखांकडून मागणीपत्रे मागवली, तर अकरा विभागांनी मिळून १७ जागा मागितल्या. वाणिज्य विभाग विद्यार्थिसंख्येवर बोट ठेवतो, रसायनशास्त्र प्रात्यक्षिकांवर, तर इंग्रजी सर्व शाखांच्या तासिकांवर. कन्नड विभागातील एकमेव प्राध्यापक येत्या मे महिन्यात निवृत्त होत आहेत, परंतु तेथे विद्यार्थी थोडे. विनाअनुदानित तत्त्वावरील संगणकशास्त्राचीही मागणी आहे. महाविद्यालय विकास समितीपुढे कोणता क्रम ठेवावा?

उत्तर : संगणकशास्त्राची मागणी या यादीतून आधी वेगळी काढावी. तेथील वेतन शुल्कातून द्यायचे असल्याने तो संस्थेच्या अंदाजपत्रकाचा प्रश्न आहे, आणि तो या चार जागांत मिसळला की चर्चा भरकटते.

उरलेल्या विभागांसाठी मागणीपत्रे बाजूला ठेवून वेळापत्रके मागवावीत. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमावलीनुसार सहायक प्राध्यापकाला आठवड्याला १६ तास आणि सहयोगी प्राध्यापक व प्राध्यापक यांना १४ तास प्रत्यक्ष अध्यापन अपेक्षित आहे. विभागाचे एकूण तास मांडून त्यातून कार्यरत अध्यापकांचे तास वजा केले की खरी तूट कळते. मात्र कागद नीट वाचावा लागतो. अशाच एका समितीत बसलो असताना एका विज्ञान विभागाच्या वेळापत्रकात बुधवारी दुपारचे, एकाच तुकडीचे, एकाच प्रयोगशाळेतील प्रात्यक्षिक दोन अध्यापकांच्या नावांपुढे पूर्ण तासांनिशी मोजलेले मला आढळले होते. त्यात लबाडी नव्हती, वर्षानुवर्षे तोच तक्ता पुढे उतरवला जात होता, इतकेच. वाणिज्य विभागाच्या आकड्याकडेही असेच पाहावे. एका वर्गात तीस विद्यार्थी बसोत वा शंभर, तास एकच मोजला जातो, म्हणून कार्यभार ठरतो तो मंजूर तुकड्यांवरून, प्रवेशाच्या रांगेवरून नव्हे. शिवाय संलग्न महाविद्यालयांत २०२४-२५ पासून नव्या शैक्षणिक धोरणानुसार श्रेयांकांची (क्रेडिटची) मांडणी बदलली असल्याने मागील पाच वर्षांची सरासरी काढून भागणार नाही. बदललेला भार तिसऱ्या वर्षापर्यंत कसा पोहोचतो, हे प्रत्येक विषयासाठी, विशेषतः इंग्रजीसाठी, नव्याने मांडावे लागेल.

तरीही तुटीच्या तासांवरून थेट क्रम लावू नये, असे माझे मत आहे. तास भरून काढण्यासाठी तासिका तत्त्वावरील अध्यापक मिळतात. ते शिकवतातही मनापासून, पण त्यांना मोबदला घेतलेल्या तासांचाच मिळतो, नेमणूक त्या त्या वर्षापुरती असते आणि पुष्कळदा सत्र सुरू होऊन महिना उलटल्यावर होते. अभ्यासक्रमाची आखणी, संशोधन, विभागाचे दप्तर आणि प्रवेशाच्या वेळी पालकांसमोर बसणे ही कामे त्यांच्यावर टाकणे अन्यायाचे आहे, आणि ती टाकूनही नीट होत नाहीत. म्हणून प्रत्येक रिक्त पदाबाबत समितीने विचारावे, की ही जागा आणखी पाच वर्षे रिकामी राहिली तर नेमके काय बंद पडेल? रसायनशास्त्रात सहापैकी दोन जागा रिकाम्या असतील, तर चौघांची ओढाताण होईल. कन्नड विभागातील एकमेव जागा गेली, तर विभागाला कुलूप लागेल. त्यानंतर प्रवेश घटतात, कार्यभार उरत नाही, आणि कार्यभार नसला की मंजूर पदाचे समर्थनही करता येत नाही.

कन्नडचा आग्रह मी भाषाप्रेमापोटी धरत नाही. मराठी, कन्नड, तेलुगू आणि उर्दू या चार भाषांत सोलापूरचे रोजचे व्यवहार चालतात. अक्कलकोट आणि दक्षिण सोलापूर तालुक्यांत कन्नड माध्यमाच्या शाळा आहेत, आणि तेथून बारावी होणाऱ्या मुलामुलींना जवळ पदवीची सोय हवी असते. मात्र या शाळांतून येणारे प्रवेश तपासून पाहावेत. पदवीच्या तिन्ही वर्षांचा मिळून आठवड्याला १६ तासांचा भार टिकून राहणार नसेल, तर पूर्णवेळ पद मागणे मलाही पटणार नाही. तो टिकत असेल, तर कन्नडची जागा पहिली धरावी आणि पुढे रसायनशास्त्र व इंग्रजीची प्रत्येकी एक. चौथ्या जागेसाठी वाणिज्याच्या तुकड्या व रसायनशास्त्राची दुसरी जागा यांची तुलना करताना पुढील तीन वर्षांत कोणत्या विभागात कोण साठ वर्षांचे होऊन निवृत्त होणार, तेही पाहावे.

हे निकष आधी इतिवृत्तात नोंदवावेत आणि आकडे नंतर मांडावेत. स्वतःच्या विभागाच्या जागेवर निर्णय होताना संबंधित प्रमुखांनी मत देऊ नये. विषयांचा क्रम आणि बिंदुनामावली (कोणती जागा कोणत्या आरक्षण प्रवर्गाची, हे ठरवणारा तक्ता) या दोन गोष्टी वेगळ्या ठेवाव्यात, कारण ठरावीक प्रवर्गाची जागा यावी वा टळावी म्हणून विषय पुढेमागे केला, तर तपासणीत तो दोष उघडा पडतोच. ज्यांना जागा मिळाली नाही, त्या विभागांना कारण लेखी कळवावे.

प्रश्न : आमच्या विभागात नऊ वर्षे तासिका तत्त्वावर शिकवणाऱ्या सहकाऱ्यांसाठी त्या विषयाची जागा आधी काढता येईल का?

उत्तर : नाही. जागा कार्यभारासाठी असते, आणि जाहिरात सर्वांसाठी खुली असते. २०१८ च्या नियमावलीतील गुणतक्त्यात अध्यापन वा पीएच.डी.नंतरच्या संशोधनाच्या अनुभवाला वर्षाला २ याप्रमाणे कमाल १० गुण आहेत, पण ते मुलाखतीसाठीच्या छाननीपुरते. आपल्याला त्यांच्यासाठी खरोखर काही करायचे असेल, तर नऊही वर्षांची नेमणूकपत्रे, विद्यापीठाच्या मान्यता आणि अनुभवाचा दाखला आजच एकत्र करून त्यांच्या हाती द्यावा. जाहिरात निघाल्यावर जुनी फाईल शोधायला कार्यालयात कोणाला सवड नसते.