वाचकांचे प्रश्न : कोलॅजेनची पूड, आहार आणि सैल पडणारी त्वचा

प्रश्न : रजोनिवृत्तीनंतर माझ्या गालांवरची आणि हनुवटीखालची त्वचा झपाट्याने सैल पडू लागली आहे. एक मैत्रीण रोज कोलॅजेनची पूड पाण्यातून घेते आणि मीही ती घ्यावी असा तिचा आग्रह आहे. घरातले म्हणतात की पोटात गेल्यावर कोणतेही प्रथिन पचूनच जाते, त्यामुळे या खर्चाला अर्थ नाही. खरे काय समजायचे?

उत्तर : आपल्याला जे जाणवते आहे तो भास नाही, आणि त्यात आपल्या हातून काही हयगय झाली असेही नाही. त्वचेचा जो आतला, जाड थर असतो त्याच्या कोरड्या वजनाचा सुमारे तीन चतुर्थांश भाग कोलॅजेन या प्रथिनाचा असतो आणि त्वचेचा ताठपणा मुख्यतः त्यावरच अवलंबून असतो. प्रौढ वयात हे कोलॅजेन दर वर्षी साधारण एक टक्क्याने घटत जाते. रजोनिवृत्तीनंतर मात्र इस्ट्रोजेन या स्त्री-संप्रेरकाचा आधार सुटल्यामुळे पहिल्या पाच वर्षांतच सुमारे ३० टक्के कोलॅजेन कमी होते, असे या विषयावरील जुन्या आणि आजही प्रमाण मानल्या जाणाऱ्या अभ्यासांत आढळले आहे. म्हणूनच हा बदल अनेक स्त्रियांना एकाएकी झाल्यासारखा वाटतो.

घरच्यांचे म्हणणे बरेचसे बरोबर आहे, पण पूर्ण बरोबर नाही. अखंड कोलॅजेनचा रेणू अतिशय मोठा, म्हणजे सुमारे तीन लाख डाल्टनचा (डाल्टन हे रेणूंचे वजन मोजण्याचे एकक) असतो आणि तो आहे तसा आतड्यातून रक्तात जाऊ शकत नाही. बाजारातल्या पुडीत तो आधीच तोडून त्याचे काही हजार डाल्टनचे तुकडे केलेले असतात. पोटात त्यांचे आणखी पचन होऊन बहुतेक भागाची अमिनो आम्ले, म्हणजे प्रथिनांचे मूळ घटक, होतात आणि ती डाळीतून किंवा अंड्यातून आलेल्या अमिनो आम्लांसारखीच शरीरभर वापरली जातात. तथापि प्रोलिन आणि हायड्रॉक्सिप्रोलिन या दोन अमिनो आम्लांची जोडी पचनाला दाद देत नाही आणि कोलॅजेन घेतल्यानंतर ती रक्तात सापडते, हे जपानी संशोधकांनी २००५ मध्ये दाखवले. प्रयोगशाळेत या जोडीमुळे त्वचेच्या पेशी अधिक क्रियाशील होतात असेही दिसले आहे. त्यामुळे ‘सगळे पचून जाते’ एवढ्यावर विषय मिटत नाही. प्रत्यक्ष माणसांवरच्या चाचण्या काय सांगतात ते पाहावे लागते.

जर्मनीत झालेल्या आणि २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत ३५ ते ५५ वयाच्या ६९ स्त्रियांना आठ आठवडे रोज अडीच किंवा पाच ग्रॅम कोलॅजेन अथवा तशीच दिसणारी निष्प्रभ पूड देण्यात आली, आणि कोलॅजेन घेणाऱ्यांच्या त्वचेची लवचिकता अधिक वाढल्याचे आढळले. ही लवचिकता मोजतात कशी, हे समजून घेण्याजोगे आहे. एका लहान नळीचे तोंड त्वचेवर टेकवून हवेच्या ओढीने त्वचेचा बारीकसा भाग आत खेचला जातो, मग ओढ थांबवली जाते आणि त्वचा किती वेगाने व किती प्रमाणात पूर्ववत होते याची नोंद यंत्र करते. हे माप उपयुक्त आहे, पण त्वचेतला ओलावा बदलला तरी ते बदलू शकते, आणि यंत्रावरचा फरक आरशात दिसेलच असे नाही.

त्यानंतर अशा अनेक चाचण्या झाल्या आणि त्यांचे एकत्रित निष्कर्ष कोलॅजेनच्या बाजूने दिसत राहिले. परंतु २०२५ मध्ये ‘अमेरिकन जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये २३ चाचण्यांचा आणि त्यांतील १,४७४ व्यक्तींचा जो एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला, त्यात या चाचण्यांना पैसा कोणी पुरवला हेही तपासले गेले. सगळ्या चाचण्या एकत्र घेतल्या तर ओलावा, लवचिकता आणि सुरकुत्या या तिन्हींत सुधारणा दिसत होती. कंपन्यांच्या पैशाविना झालेल्या चाचण्या वेगळ्या काढल्यावर मात्र यांपैकी कशातही फायदा उरला नाही, आणि ज्यांचा दर्जा उत्तम होता अशा चाचण्यांतही तो उरला नाही. मला हा निष्कर्ष फार महत्त्वाचा वाटतो. तो माहीत असताना मी आपल्याला ही पूड घ्या असे सांगू शकत नाही.

तरीही घ्यायचीच असेल तर तीन महिन्यांची मुदत ठरवून घ्यावी आणि फरक न दिसल्यास थांबावे. मूतखड्याचा त्रास असल्यास आधी डॉक्टरांना विचारावे, कारण कोलॅजेनमधल्या हायड्रॉक्सिप्रोलिनपासून शरीरात ऑक्झलेट तयार होते आणि बहुतेक मूतखडे त्याचेच बनतात. माशांची ॲलर्जी असणाऱ्यांनी पूड कशापासून केली आहे ते वेष्टनावर वाचावे. यांतील बऱ्याच उत्पादनांत बायोटिन हे ब गटातले जीवनसत्त्वही भरपूर घातलेले असते आणि त्यामुळे थायरॉईडच्या तसेच हृदयविकाराच्या झटक्याचे निदान करणाऱ्या काही रक्तचाचण्यांचे आकडे चुकू शकतात. कोणतीही रक्तचाचणी करण्यापूर्वी आपण हे घेत आहोत हे डॉक्टरांना आवर्जून सांगावे.

प्रश्न : मी शाकाहारी आहे. वनस्पतींपासून केलेले कोलॅजेन मिळते का, आणि नसल्यास केवळ आहाराने त्वचेचा घट्टपणा राखता येईल का?

उत्तर : वनस्पतींमध्ये कोलॅजेन नसते. पुडीतले कोलॅजेन गाय, डुक्कर किंवा मासे यांची कातडी, हाडे, खवले यांपासून काढलेले असते. ‘शाकाहारी कोलॅजेन’ म्हणून जे विकले जाते त्यात बहुधा क जीवनसत्त्व आणि काही अमिनो आम्ले असतात, आणि ती रोजच्या जेवणातूनही मिळतात.

आपले शरीर कोलॅजेन स्वतः तयार करते. त्यासाठी पुरेसे प्रथिन लागते, म्हणजे प्रौढ व्यक्तीला वजनाच्या दर किलोमागे रोज सुमारे ०.८ ग्रॅम, ६० किलो वजनाला जवळपास ५० ग्रॅम. डाळी, कडधान्ये, सोयाबीन आणि दूध यांतून ते सहज मिळते. उलट कोलॅजेन हे प्रथिन म्हणून अपुरेच आहे, कारण ट्रिप्टोफॅन हे आवश्यक अमिनो आम्ल त्यात मुळीच नसते. दुसरी गरज क जीवनसत्त्वाची. कोलॅजेनच्या तीन साखळ्या एकमेकींभोवती घट्ट वळल्या जाण्याआधी त्यांच्यावर जी रासायनिक प्रक्रिया व्हावी लागते ती या जीवनसत्त्वावाचून होत नाही. पूर्वी लांबच्या सफरींवर खलाशांना स्कर्व्ही होई, तेव्हा हिरड्यांतून रक्त येई आणि भरलेल्या जुन्या जखमाही उकलत, त्याचे कारण हेच होते. मात्र रोज एखादे संत्रे किंवा पेरू खाऊन ही गरज भागते, आणि गरज भागल्यावर आणखी गोळ्या घेतल्याने कोलॅजेन त्या प्रमाणात वाढत नाही. साखरेचा अतिरेक मात्र टाळावा, कारण रक्तातली साखर कोलॅजेनच्या धाग्यांना चिकटून त्यांना कडक आणि ठिसूळ बनवते. त्वचेतल्या कोलॅजेनचे अर्धायुष्य, म्हणजे त्यातले निम्मे बदलले जाण्यास लागणारा काळ, सुमारे १५ वर्षांचे मोजले गेले आहे, त्यामुळे आहारातल्या बदलाचे फळ काही आठवड्यांत दिसेल अशी अपेक्षा धरू नये.

प्रश्न : मग खात्रीचा उपाय कोणता?

उत्तर : उन्हापासून बचाव. अतिनील किरणांमुळे त्वचेत कोलॅजेन तोडणारी विकरे (एन्झाइम्स) काही तासांतच वाढतात, आणि तंबाखूच्या धुराचाही तसाच परिणाम होतो. ऑस्ट्रेलियात नॅम्बूर येथे ५५ वर्षांखालील ९०३ व्यक्तींवर झालेल्या, २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, ज्यांना रोज सनस्क्रीन लावण्यास सांगितले होते त्यांची त्वचा साडेचार वर्षांनंतर इतरांपेक्षा २४ टक्के कमी वयस्कर झालेली आढळली. त्याच चाचणीत बीटा कॅरोटिन या, शरीरात अ जीवनसत्त्वात बदलणाऱ्या घटकाच्या गोळ्याही तपासल्या होत्या आणि त्यांचा काहीही उपयोग दिसला नाही.

गेलेले कोलॅजेन काही अंशी परत आणणारे औषध म्हणजे ट्रेटिनॉइन हे मलम. उन्हाने खराब झालेल्या त्वचेवर ते दहा ते बारा महिने लावल्यावर पहिल्या प्रकारच्या, म्हणजे त्वचेत सर्वाधिक असणाऱ्या, कोलॅजेनची निर्मिती ८० टक्क्यांनी वाढल्याचे १९९३ मधील अभ्यासात दिसले होते. नुसते औषधविरहित मलम लावणाऱ्यांत ती १४ टक्क्यांनी घटली होती. सुरुवातीला त्याने त्वचा लाल होते आणि सोलवटते, म्हणून ते त्वचारोगतज्ज्ञांच्या देखरेखीखालीच वापरावे, आणि गरोदरपणात मुळीच वापरू नये.

प्रश्न : मी बरेच वजन कमी केले, पण पोटाची त्वचा लोंबते आहे. कोलॅजेनने ती आवळून येईल का?

उत्तर : नाही. फार ताणली गेलेली त्वचा पुडीने किंवा मलमाने आवळत नाही. वजन स्थिर झाल्यावर वर्षभर थांबावे, कारण तरुण वयात ती आपोआप थोडीफार आक्रसते. त्यानंतरही घडी राहून तिच्याखाली घाम साचत असेल किंवा पुरळ येत असेल, तर शस्त्रक्रियेसंबंधी प्लास्टिक सर्जनचा सल्ला घ्यावा.