खजुराखाली बसलेली स्त्री

प्रश्न : एका संग्रहालयात रोमन सम्राट व्हेस्पेशियन याचे ब्राँझचे मोठे नाणे पाहिले. एका बाजूला जाड मानेच्या, टक्कल पडलेल्या माणसाचा मुखवटा, तर दुसऱ्या बाजूला खजुराच्या झाडाखाली डोक्याला हात लावून बसलेली स्त्री आहे. ही कोणी देवता आहे का?

उत्तर : ती देवता नव्हे, तर स्त्रीरूपात दाखवलेला यहुदिया, म्हणजे जेरुसलेमभोवतालचा ज्यूंचा प्रांत आहे. झाडाच्या दुसऱ्या बाजूला हातात भाला घेऊन, शिरस्त्राणावर पाय रोवून उभा असलेला पुरुष दिसत असेल, तर तो स्वतः सम्राट होय. भोवतालच्या अक्षरांचा अर्थ ‘यहुदिया जिंकले’ असा आहे. इसवी सन ७० मध्ये सम्राटाचा मुलगा टायटस याने जेरुसलेम घेतले आणि पुढच्याच वर्षी ही नाणी पाडण्यात आली. साल नाण्यावरच सापडते: मुखवट्याभोवतीच्या मजकुराच्या शेवटी ‘कॉस’ या अक्षरांपुढे तीन उभ्या रेघा असतील, तर तो सम्राटाचा तिसरा कॉन्सलपदाचा (रोममधील सर्वोच्च वार्षिक पदाचा) काळ, म्हणजे ७१.

खरी मेख ‘जिंकले’ या शब्दात आहे. यहुदिया हा इसवी सन ६ पासूनच रोमन प्रांत होता. तेथे बंड झाले आणि ते मोडून काढले गेले, एवढेच. पण पहिला रोमन सम्राट ऑगस्टस याने इजिप्त खरोखर जिंकल्यावर मगरीचे चित्र घालून ‘इजिप्त जिंकले’ अशी चांदीची नाणी काढली होती, आणि व्हेस्पेशियनला त्याच पंक्तीत बसायचे होते. करवसुली करणाऱ्याच्या या मुलामागे राजघराणे नव्हते. एका वर्षात चार सम्राट झाले, त्यांतला तो शेवटचा. घरच्या बंडाचा बीमोड परमुलुखावरील विजय म्हणून मिरवणे त्याच्या फार सोयीचे होते. सुरकुत्यांचा तो राकट चेहराही, माझ्या मते, हेतुपुरस्सर आहे: ऑगस्टस म्हातारपणीही नाण्यांवर तरुणच राहिला, याने मात्र रणात मुरलेला शिपाईगडी दिसणे पसंत केले.

जाता जाता एक दुरुस्ती. हे नाणे सुमारे पंचवीस ग्रॅमचे सेस्टर्शियस असेल, तर धातू काटेकोरपणे ब्राँझ नसून पितळ आहे. नवे असताना ते सोन्यासारखे पिवळे दिसे. चांदीच्या एका डिनारियसला अशी चार नाणी मिळत. सम्राट झाल्यावर टायटसनेही ८० च्या सुमारास खजूर आणि शोकमग्न स्त्री असलेली नाणी पुन्हा पाडली.