ख्रिस्ती धर्मात माणूस खरोखर बदलतो असं मानतात का, की विश्वास ठेवला की झालं? बदलण्यासाठी काही साधना असते का?

प्रश्नाच्या तपशिलात तुम्ही लिहिलंय की तुमचा ख्रिस्ती मित्र म्हणाला, "येशूवर विश्वास ठेव, तारण झालं, बाकी काही करावं लागत नाही." त्यावरून तुम्हाला प्रश्न पडला की हा धर्म माणसाला बदलतो की नुसता माफ करतो. शिवाय ख्रिस्ती नसलेल्यांचं काय, हेही विचारलंय.

मित्राचं वाक्य अर्धं खरं आहे. पण हेच अर्धं वाक्य मी इतक्या जणांच्या तोंडून ऐकलंय की आता डोकं फिरतं. आमचेच काही लोक ते छाती पुढे काढून सांगतात, आणि ध्यान-योग करणारी मंडळी तेच उचलून "तुमच्याकडे साधना नाहीच" म्हणून मोकळी होतात. म्हणून जरा लांबण लावतो.

सिद्धांत थोडक्यात असा. माणूस देवाच्या प्रतिरूपात घडवला गेला, पापाने ते रूप बिघडलं, आणि ख्रिस्ताच्या रूपाचं होणं हे माणसाचं पाचारण, म्हणजे देवाने दिलेलं बोलावणं आहे (बायबलमधलं रोमकरांस पत्र, ८:२९). पेत्राच्या दुसऱ्या पत्रात तर सरळ "दैवी स्वभावाचे वाटेकरी" असे शब्द आहेत. चौथ्या शतकात अलेक्झांड्रियाच्या संत अथानासियसने लिहिलं की माणसाने देव व्हावं म्हणून देव माणूस झाला. म्हणजे कृपेने, देवाचं देवपण काही माणसाकडे येत नाही. पूर्वेकडच्या ऑर्थोडॉक्स मंडळींचा सगळा अध्यात्मविचार याच्याभोवती फिरतो आणि कॅथलिक धर्मशिक्षण ग्रंथातही परिच्छेद ४६० मध्ये हेच आहे. हे पाचारण फक्त फादर-सिस्टरांना नाही, दुकानदारालाही आहे आणि घर सांभाळणारीलाही, असं दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने (कॅथलिक बिशपांच्या जागतिक सभेने) १९६४ च्या एका दस्तऐवजात स्पष्ट लिहून ठेवलं. तेव्हा "फक्त माफी" हे उत्तर चूक. माफी ही सुरुवात.

आता साधना. मिस्सा (चर्चमधली मुख्य उपासना), उपवास, कुमसार (फादरांपुढे पापांची कबुली) हे तुम्ही ऐकून असाल, ते सोडतो. पद्धत म्हणून सगळ्यात काटेकोर मांडणी माझ्या मते संत इग्नेशियस लोयोलांच्या 'स्पिरिच्युअल एक्सरसाइजेस' या पुस्तिकेत आहे. ती वाचायची पुस्तिका नाही, करायची आहे. नुसती वाचली तर कंटाळा येईल.

इग्नेशियस हा जेझुइट संघाचा संस्थापक, मूळचा स्पेनमधल्या बास्क सरदार घराण्यातला गडी. मानपान, तलवार आणि स्त्रियांवर छाप पाडणं यात रमलेला. २० मे १५२१ रोजी पाम्प्लोनाच्या लढाईत तोफेच्या गोळ्याने त्याचा एक पाय मोडला, दुसऱ्यालाही जखम झाली. घरी आणल्यावर कळलं की हाड नीट बसलेलं नाही, म्हणून पुन्हा मोडून बसवलं. तरीही गुडघ्याखाली हाडाचा एक तुकडा वर आलेला राहिला. घट्ट बूट घातल्यावर ते वाईट दिसेल, एवढ्यासाठी त्याने भूल नसलेल्या त्या काळात तो तुकडा कापून घेतला. हा काही संत व्हायला निघालेला माणूस नव्हता.

अंथरुणावर पडल्या पडल्या त्याने शूरवीरांच्या कादंबऱ्या मागितल्या. घरात तसलं काहीच नव्हतं. मिळालं ते एक ख्रिस्तचरित्र आणि संतांची चरित्रं. मग मनोराज्यं सुरू झाली. कधी तीन-चार तास एका उच्चकुलीन स्त्रीची मर्जी कशी मिळवायची याची; कधी फ्रान्सिस, डॉमिनिक या संतांसारखं आपणही करावं, अनवाणी जेरुसलेमला जावं, पालेभाज्यांवर राहावं याची. रंगवताना दोन्हींत सारखाच आनंद. फरक मागाहून पडायचा. पहिलं मनोराज्य संपलं की मन कोरडं आणि चिडचिडं, दुसरं संपल्यावरही बराच वेळ प्रसन्न. बरेच दिवस हे त्याच्या ध्यानातही आलं नाही. आलं तेव्हा त्याने त्यातून एक नियम काढला: विचार येताना कसा वाटतो यावर जाऊ नका, तो गेल्यावर मागे काय ठेवतो ते बघा.

यात देवदूत नाही, आकाशवाणी नाही. निरीक्षण आहे. "तुमच्याकडे साधना नाही" म्हणणाऱ्यांनी इथे जरा थांबावं.

पुढे १५२२-२३ मध्ये मानरेसा गावात सुमारे ११ महिने त्याने जवळपास प्रत्येक गोष्टीत अतिरेक केला. रोज सात तास गुडघ्यांवर प्रार्थना, केस-नखं वाढवलेली. जुनी पापं पुन्हा पुन्हा कुमसारात सांगूनही "एखादं राहिलं असेल" ही टोचणी जाईना. जीव द्यावा असे विचार येऊ लागले. देव ऐकत नाही तोवर जेवणार नाही म्हणून आठवडाभर अन्न सोडलं; कुमसार ऐकणाऱ्या धर्मगुरूने हुकूम दिला तेव्हा जेवला. शेवटी ही टोचणी कुठून सुरू होते, कुठे नेऊन सोडते ते त्याने तपासलं आणि झालेली पापं पुन्हा उगाळायची नाहीत असं ठरवलं. पुस्तिकेतले नियम या अनुभवावर उभे आहेत. पोप तिसरे पॉल यांनी १५४८ मध्ये तिला मान्यता दिली. (गोव्यात १५४२ मध्ये उतरलेल्या फ्रान्सिस झेवियरने ही साधना १५३४ मध्ये पॅरिसमध्ये इग्नेशियसच्याच हाताखाली केली होती.)

पूर्ण साधना साधारण ३० दिवसांची, एकांतात. तिचे चार 'आठवडे': पाप आणि दया, ख्रिस्ताचं जीवन, दुःखसहन, पुनरुत्थान. आठवडा म्हणजे सातच दिवस असं नाही. ज्याचं त्याचं पिकेल तसं कमी-जास्त. दिवसाला एकेक तासाच्या पाच प्रार्थना, त्यातली एक मध्यरात्री. पुस्तिकेच्या सुरुवातीला २० सूचना आहेत, त्यातली एकोणिसावी नोकरी-धंद्यातल्या माणसासाठी आहे: घरीच राहून रोज दीड तास, काही महिने.

बसायचं कसं तेही लिहिलंय. जागेच्या एक-दोन पावलं अलीकडे 'हे आमच्या स्वर्गीय पित्या' म्हणायला लागेल इतका वेळ उभं राहायचं आणि देव माझ्याकडे पाहतो आहे हे मनात आणायचं. मग गुडघ्यांवर, बसून, उताणं पडून, जसं जमेल तसं. जिथे मन लागलं तिथेच थांबायचं, पुढचा मुद्दा उरकायची घाई नको. आणि तास म्हणजे पूर्ण तास. मन कोरडं असेल तर तासाच्या वर थोडं जास्तच बसायचं, कारण कोरड्या दिवशीच लवकर उठायचा मोह होतो. उठल्यावर पाव तास फक्त काय घडलं याचा आढावा.

हे सगळं जमणार नसेल तर त्यातला सगळ्यात छोटा भाग घ्या, विशेष परीक्षण. सकाळी उठताच एक दोष ठरवायचा. एकच. दिवसात तो घडला की लगेच हात छातीला लावायचा. चारचौघांत केलं तरी कुणाच्या लक्षात येत नाही. दुपारी जेवणानंतर उठल्यापासूनचे तास एकेक करून आठवायचे आणि जितक्यांदा घडलं तितके ठिपके वहीत एका ओळीवर द्यायचे. रात्री जेवणानंतर पुन्हा तसंच, दुसऱ्या ओळीवर. मग रात्रीची ओळ दुपारच्या ओळीशी ताडायची, आजचा दिवस कालच्याशी, हा आठवडा गेल्या आठवड्याशी. मूळ पुस्तिकेत याची आकृतीच काढलेली आहे, रविवारची खूण मोठी आणि पुढच्या वारांच्या लहान.

झोपण्यापूर्वी सर्वसाधारण परीक्षण, पाच पायऱ्यांचं. आधी देवाचे आभार; मग आपले दोष दिसावेत म्हणून कृपा मागायची; मग दिवसाचा हिशेब, आधी विचार, मग बोलणं, मग कृती; मग क्षमा; मग उद्याचा निश्चय. बहुतेक लोक आभार गाळून थेट हिशेबावर येतात आणि तिथेच गाडी रुळावरून घसरते. आभारांशिवाय दोष मोजायला बसलं की माणूस एक तर स्वतःला झोडपतो, नाहीतर स्वतःची वकिली करतो.

बिघडतं कुठे ते सांगतो. "मी जास्त प्रेमळ होईन" असला दोष-बिष घेऊ नका, त्याचे ठिपके देता येत नाहीत. "जेवताना बायकोला टोचून बोलतो" हे मोजता येतं. दुसऱ्या आठवड्यात ठिपके वाढले तर घाबरू नका, आधी दिसत नव्हतं ते दिसायला लागलंय. ठिपके एकदम शून्यावर आले तर मात्र संशय घ्या: एक तर बघणं बंद झालंय, नाहीतर टोचून बोलण्याच्या जागी अबोला आलाय.

याहून मोठा घोटाळा मनाच्या भरती-ओहोटीत होतो. तीन दिवसांच्या रिट्रीटहून (प्रार्थना-शिबिराहून) आलेला माणूस भारावून नोकरी सोडायच्या गोष्टी करतो; चौदावी सूचना नेमकं हेच अडवते, भरात असताना घाईने नवस किंवा वचन घेऊ देऊ नये. उलट मन सुकलेलं, अंधारलेलं असताना आधी केलेला निर्णय बदलायचा नाही. बदलायचं ते स्वतःला, म्हणजे प्रार्थना थोडी वाढवायची, परीक्षण जास्त बारकाईने करायचं. या सुकेपणाची तीन कारणं दिली आहेत: आपलाच आळस, आपली पारख, आणि प्रसन्नता ही आपली कमाई नसून देणगी आहे हे कळावं म्हणून.

आणि चांगल्या वाटणाऱ्या विचारांचीही सुरुवात, मध्य आणि शेवट तपासायचा. चर्चच्या कामाला वाहून घेण्याचा विचार उत्तम. मग रोज संध्याकाळी मीटिंग, मग मुलांच्या अभ्यासाकडे दुर्लक्ष, मग "मी देवाचं काम करतो आणि तुम्हाला कदर नाही" म्हणून घरात आदळआपट. शेवट असा होत असेल तर मधे कुठेतरी काटा बदलला आहे, तो शोधायचा. अशी माणसं प्रत्येक धर्मग्रामात (एका चर्चच्या हद्दीतल्या समाजात) असतात आणि सहसा कमिटीवर असतात.

आता तुमच्या मित्राकडे. आमच्या बायबल अभ्यास गटातही एक गृहस्थ आहेत. काहीही विषय निघो, ते बायबलमधलं इफिसकरांस २:८-९ काढतात, "कृपेनेच, विश्वासाच्या द्वारे तुमचे तारण झालेले आहे". बरोबर. पण दहावं वचन का गिळता? तिथे आपण "त्याची हस्तकृती" आहोत आणि सत्कृत्यांसाठी निर्माण झालो आहोत असं आहे. ही पत्रं लिहिणारा प्रेषित पौल फिलिप्पैकरांना "भीत व कापत आपले तारण साधून घ्या" असं सांगतो आणि पुढच्याच श्वासात म्हणतो की तुमच्या ठायी इच्छा आणि कृती साधून देणारा देव आहे. दोन्ही वाक्यं एकत्र वाचली की भांडण उरत नाही. प्रोटेस्टंट शिकवणीतही "काही करावं लागत नाही" असं कधी नव्हतं. मेथडिस्ट चळवळीचे जॉन वेस्ली यांनी तर पवित्रीकरणावर, म्हणजे माणूस आतून पवित्र होत जाण्यावर, आयुष्य घालवलं. १९९९ मध्ये लुथरन (प्रोटेस्टंटांपैकी एक) जागतिक महासंघ आणि कॅथलिक चर्च यांनी जर्मनीत आउग्सबुर्गला संयुक्त घोषणेवर सह्या केल्या: देव आपल्याला स्वीकारतो तो कृपेने, आपल्या पुण्याईने नव्हे, आणि तीच कृपा मन नवं करून सत्कृत्यांना लावते. त्या गृहस्थांना हे सांगितलं की ते विषय बदलतात.

तुमच्या मित्राचं अर्धं खरं ते हेच, की साधनेने बदल *घडत* नाही. साधना मनाला तयार करते, अडगळ हलवते, बदलणारा देव. हा फरक योगमार्गी मित्रांनीही लक्षात घ्यावा, उगाच "सगळं एकच" करू नये.

काही गोष्टी आधीच सांगायला हव्या होत्या. ३० दिवसांची साधना यूट्यूब बघून एकट्याने करू नका; मार्गदर्शक लागतो, आणि तो तुम्हाला एका पर्यायाकडे ढकलत असेल तर मार्गदर्शक बदला, पंधराव्या सूचनेत त्याला तशी मनाईच आहे. ज्याला आधीच पापाची टोचणी सतत सतावते त्याने ठिपके मोजू नयेत, त्याचं दुखणं वाढेल. आठवडेच्या आठवडे झोप-भूक गेली असेल, जगू नये असं वाटत असेल तर तो नुसता 'सुकेपणा' समजून बसू नका, आधी मनोविकारतज्ज्ञ.

ख्रिस्ती नसलेल्यांचं काय, तर कॅथलिक भूमिका अशी की स्वतःचा दोष नसताना ज्यांना शुभवर्तमान (येशूचा संदेश) कळलं नाही पण जे सद्सद्विवेकाने देवाचा शोध घेतात, त्यांनाही तारण मिळू शकतं. व्हॅटिकन परिषदेच्या १९६४ च्याच त्या दस्तऐवजात, सोळाव्या परिच्छेदात आहे. बऱ्याच इव्हँजेलिकल (येशूवरच्या वैयक्तिक विश्वासावर भर देणाऱ्या प्रोटेस्टंट) मंडळींना हे पटत नाही. त्यावर वेगळा प्रश्न टाका.

करून बघायचंच असेल तर ओळखीच्या फादरांकडून एखाद्या जेझुइट फादरांचा किंवा ही साधना देणाऱ्या सिस्टरांचा पत्ता घ्या आणि "एकोणिसाव्या सूचनेप्रमाणे, घरी राहून" हवंय असं सांगा. तेवढ्यावर त्यांना कळतं. भेट ठरेपर्यंत एक वही आणि एक दोष.