वाचकांचे प्रश्न : पंधरा सेकंदांतले फाउंडेशन

या महिन्याच्या टपालात तीन पत्रे एकाच विषयावरची निघाली. त्वचेची निगा आणि मेकअप ही दोन्ही कामे एकाच बाटलीतून करू पाहणारी फाउंडेशन आणि ती विकण्यासाठी तयार होणाऱ्या छोट्या फिल्म, हा तो विषय. पत्रलेखकांच्या इच्छेनुसार त्यांची नावे दिलेली नाहीत.

प्रश्न : सांगलीत माझा सौंदर्यप्रसाधनांचा लहानसा व्यवसाय आहे. नियासिनामाइड (ब-३ जीवनसत्त्वाचा एक प्रकार) आणि स्क्वालेन (त्वचा मऊ ठेवणारे तेल) असलेले एक स्किन टिंट, म्हणजे हलके फाउंडेशन, आम्ही परवानाधारक कारखान्याकडून बनवून घेतले असून त्याच्या चार शेड काढल्या आहेत. इन्स्टाग्रामवरील १५ सेकंदांच्या जाहिरातीसाठी दोन प्रस्ताव आले आहेत. पहिल्यात ड्रॉपरमधून पडणारा सोनेरी थेंब आणि त्वचेत शिरणारे चमकते कण असे त्रिमितीय अ‍ॅनिमेशन आहे. दुसऱ्यात एक मुलगी आरशासमोर बसून टिंट लावते, एवढेच आहे. पहिल्याचा खर्च दुसऱ्याच्या चौपट आहे. पैसे कुठे घालावेत?

उत्तर : आपली अडचण वस्तूच्या स्वभावातच आहे, म्हणून आधी तिच्याकडे पाहू. टिंटचा रंग लावताक्षणी दिसतो. नियासिनामाइडचा परिणाम दिसायचा असेल, तर मात्र नियमित वापराचे काही आठवडे जावे लागतात. त्वचेचा वरचा थर नव्याने तयार होण्यासच तरुण वयात सुमारे चार आठवडे लागतात आणि वय वाढते तसा हा काळ लांबत जातो. एकाच बाटलीत अशी दोन घड्याळे चालू असतात. पंधरा सेकंदांच्या फिल्ममध्ये ती एकमेकांत मिसळतात, कारण रंगाखाली झाकला गेलेला डाग आणि निगेमुळे फिकट झालेला डाग पडद्यावर सारखेच दिसतात. या प्रकारच्या जाहिरातींचा बराचसा डोलारा याच गफलतीवर उभा आहे, असे माझे मत आहे.

या मिश्रणाचा उगम पाहिला की ही गफलत अधिक स्पष्ट होते. १९६०च्या दशकात जर्मनीत त्वचारोगतज्ज्ञ क्रिस्टिन श्रामेक यांनी पीलिंगच्या, म्हणजे त्वचेचा वरचा थर काढण्याच्या, उपचारानंतर लालसर झालेल्या त्वचेला शांत करील आणि लालीही झाकील असे मलम तयार केले. हे ब्लेमिश बाम (डागांवरचे मलम) पुढे दक्षिण कोरियात लोकप्रिय झाले आणि आद्याक्षरांवरून बीबी क्रीम या नावाने आपल्याकडच्या दुकानांत पोहोचले. उपचार घेऊन उठलेल्या बाईला काय झाकले आहे आणि काय बरे व्हायचे आहे, हे समोरासमोर सांगता येत होते. आपल्या फिल्ममध्ये ते सांगायला कोणीही नाही. जे सांगायचे ते दृश्यानेच सांगितले पाहिजे.

आता थेंबाविषयी. ड्रॉपर हा सीरमच्या जाहिरातींतून उसना घेतलेला संकेत आहे. तो दिसला की पाहणाऱ्याच्या मनात ‘निगा’ हा शब्द आपोआप उमटतो. सेकंदाला १००० फ्रेम टिपून त्या २५ फ्रेमच्या वेगाने दाखवल्या, तर एका सेकंदाचे चाळीस सेकंद होतात आणि साधा द्रवही मधासारखा संथ व भारदस्त वाटू लागतो. अशा शॉटमध्ये कित्येकदा मूळ वस्तूऐवजी ग्लिसरीन किंवा तेल वापरले जाते. मग तो थेंब तुमचा आहे की शेजारच्या कंपनीचा, हे ओळखणार तरी कसे? थेंब हवाच असेल तर तो आपल्याच बाटलीतला घ्यावा, मॅक्रो लेन्सने जवळून टिपावा आणि दीड-दोन सेकंदांत सोडून द्यावा. वस्तू पाण्यासारखी पातळ आहे की मलईदार, एवढे त्यातून खरेपणाने कळते आणि तितकेच त्याचे काम आहे. चमकत्या कणांचे अ‍ॅनिमेशन मात्र सरळ वगळावे. त्याची कारणे पुढच्या उत्तरात येतील.

माझा कौल दुसऱ्या प्रस्तावाला आहे, परंतु तो आहे तसा घेऊ नये. स्थिर छायाचित्राला जे दाखवता येत नाही तेच फिल्मने दाखवावे, म्हणजे वेळ. टिंट किती सेकंदांत पसरते, नाकाच्या कडेला कोरड्या जागी ते साचते का, सनस्क्रीनवर लावल्यास त्याच्या कण्या होऊन सुटतात का आणि तासाभराने ते काळपट पडते का, हेच प्रश्न दुकानात उभी असलेली ग्राहक विचारते. त्यामुळे पहिले सहा-सात सेकंद एकही कट न घेता अर्ध्या चेहऱ्यावर टिंट लावताना दाखवावे. उरलेला अर्धा चेहरा तसाच ठेवला की तुलना एकाच चौकटीत होते. त्यानंतर तोच चेहरा, तीच खिडकी, तोच कोन आणि सहा तासांनंतरची वेळ दाखवावी. मधला काळ गाळल्याचे घड्याळ दाखवून कबूल करावे. सहा तासांनी कपाळावर थोडे तेल आलेले दिसले, तरी ते पुसून शॉट पुन्हा घेऊ नये. ते तेल पाहूनच उरलेल्या गोष्टींवर विश्वास बसतो.

प्रकाशाच्या बाबतीत लहान निर्मात्यांकडून नेहमी होणारी एक चूक सांगतो. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची असल्यामुळे बरेच स्वस्त एलईडी दिवे सेकंदाला शंभर वेळा लुकलुकतात. फोन सेकंदाला ३० फ्रेम आणि १/६० सेकंद शटरवर ठेवला, तर चित्रात फिरते पट्टे येतात आणि चेहऱ्याचा उजळपणा क्षणाक्षणाला बदलतो. २५ फ्रेम आणि १/५० शटर ठेवावे, किंवा सरळ दिवसाच्या उजेडात चित्रीकरण करावे. व्हाइट बॅलन्स (रंगांचा समतोल) आणि एक्सपोजर (उजेडाचे प्रमाण) लॉक करावे, ब्युटी मोड बंद असल्याची दोनदा खात्री करावी. चार शेड चार वेगळ्या चेहऱ्यांवर, गव्हाळ ते सावळ्या, एकाच उजेडात दाखवाव्यात. चार शेडमध्ये महाराष्ट्रातले सगळे वर्ण मावत नाहीत, तेव्हा ‘प्रत्येकीसाठी’ हा शब्द फिल्ममध्ये येऊ देऊ नये. वाचलेल्या पैशांतून पाचवी शेड काढता आली, तर ती कोणत्याही अ‍ॅनिमेशनपेक्षा जास्त बाटल्या विकेल.

प्रश्न : मी पुण्यात मोशन ग्राफिक्स शिकतो आणि एका एजन्सीत उमेदवारी करतो. एका फाउंडेशनच्या फिल्मसाठी हायलुरोनिक अ‍ॅसिडचे रेणू त्वचेच्या तळाच्या थरापर्यंत उतरताना दाखवण्यास मला सांगितले आहे. शिवाय ‘आधी’च्या शॉटचा उजेड कमी करून ‘नंतर’चा वाढवायचा आहे. कोपऱ्यात बारीक इंग्रजीत खुलासा टाकला की चालते, असे वरिष्ठ म्हणतात. हे खरे आहे का?

उत्तर : नाही. खुलासा जाहिरातीतल्या दाव्याचे स्पष्टीकरण देऊ शकतो, दाव्यालाच खोटे पाडणारा खुलासा कामाचा नसतो. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींना आळा घालण्यासाठी केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जून २०२२मध्ये काढलेल्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार, दावा ज्या भाषेत असेल त्याच भाषेत खुलासाही असावा लागतो. फिल्म मराठीत बोलत असेल, तर कोपऱ्यातल्या इंग्रजी ओळीने तुमची सुटका होणार नाही. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ अन्वये दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीसाठी उत्पादकाला आणि तिची भलामण करणाऱ्यालाही १० लाख रुपयांपर्यंत, आणि पुन्हा तीच चूक केल्यास ५० लाखांपर्यंत दंड होऊ शकतो.

रेणूंचे म्हणाल, तर हायलुरोनिक अ‍ॅसिडचे मोठे रेणू मुख्यतः त्वचेच्या पृष्ठभागावरच राहतात आणि तिथे पाणी धरून ठेवतात. हे काम काही कमी मोलाचे नाही; त्यामुळे चेहरा तजेलदार दिसतो आणि मेकअपही नीट बसतो. ते पृष्ठभागावरच दाखवा. याला कायद्याचीही एक बाजू आहे. औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा, १९४० यानुसार प्रसाधनाचे काम स्वच्छ करणे, सुशोभित करणे, रूप बदलणे एवढेच असते. अ‍ॅनिमेशनमध्ये पेशी दुरुस्त होताना दाखवल्या, तर तोंडाने एक अक्षर न उच्चारताही आपण औषधाचा दावा करून बसतो. दृश्य हाही दावाच असतो, ही गोष्ट एजन्सीतल्या बैठकीत फार उशिरा आठवते.

उजेडाच्या खेळीबाबत ब्रिटनमधील उदाहरण वरिष्ठांना दाखवावे. २०११मध्ये तेथील जाहिरात मानक प्राधिकरणाने लोरियाल समूहाच्या दोन जाहिराती थांबवल्या. एक लँकोमच्या टीन्ट मिराकल या फाउंडेशनची होती आणि तिच्यात ज्युलिया रॉबर्ट्स होत्या. दुसरी मेबेलिनच्या इरेझर फाउंडेशनची असून तिच्यात क्रिस्टी टर्लिंग्टन होत्या. तक्रार खासदार जो स्विन्सन यांनी केली होती. छायाचित्रांवर संगणकीय संस्कार झाले होते आणि चेहऱ्यावर दिसणारा परिणाम वस्तूनेच साधता येतो, याची प्राधिकरणाला खात्री पटली नाही. २०२१मध्ये त्याच प्राधिकरणाने समाजमाध्यमांवरील सौंदर्यप्रसाधनांच्या जाहिरातींबाबत, परिणाम फुगवून दाखवणारे फिल्टर वापरू नयेत असे स्पष्ट केले.

कलर करेक्शन करूच नये, असे मी म्हणत नाही. ‘आधी’ आणि ‘नंतर’ या दोन्ही शॉटना तंतोतंत एकच करेक्शन लावावे आणि मूळ फुटेज जपून ठेवावे. एखाद्या इन्फ्लुएन्सरला मोबदला दिला असेल, तर भारतीय जाहिरात मानक परिषदेच्या २०२१च्या नियमावलीप्रमाणे १५ सेकंदांपर्यंतच्या व्हिडिओत तो जाहिरात असल्याची पट्टी किमान ३ सेकंद दिसली पाहिजे. उमेदवाराने वरिष्ठांशी वाद घालणे अवघड असते, हे मला ठाऊक आहे. वाद न घालता दोन आवृत्त्या तयार करून समोर ठेवाव्यात; जिची जाहिरात आहे त्या कंपनीचा कायदा विभाग बहुधा तुमची बाजू घेईल.

प्रश्न : ठाण्याहून लिहिते आहे. जाहिरातीतली मुलगी एसपीएफ ३० असलेल्या फाउंडेशनचे दोन थेंब गालावर टेकवते आणि थेट उन्हात निघते. मीही सनस्क्रीन सोडून तेच वापरावे का?

उत्तर : सोडू नये. एसपीएफचा, म्हणजे उन्हापासूनच्या संरक्षणाचा, आकडा प्रयोगशाळेत ठरतो आणि त्या चाचणीत त्वचेच्या दर चौरस सेंटीमीटरला २ मिलिग्रॅम वस्तू लावलेली असते. चेहऱ्यापुरता हिशेब केला तर हे सुमारे १ ग्रॅम, म्हणजे साधारण पाव चहाचा चमचा होते. फाउंडेशन इतके जाड कोणी लावत नाही. लावले तर तो मेकअप दिसायलाही बरा दिसणार नाही आणि दुपारपर्यंत फुटेल. पातळ थरात बाटलीवरचा आकडा मिळत नाही. पडद्यावरचे ते दोन थेंब फिल्मला शोभतात, उन्हाला पुरत नाहीत. आधी पुरेसे सनस्क्रीन लावावे, ते काही मिनिटे बसू द्यावे आणि मग फाउंडेशन लावावे. आपल्या वापराचा अंदाज घरीच घेता येतो : रोज १ ग्रॅम लावले तर ३० मिलिलिटरची बाटली महिनाभरात संपायला हवी. आपली किती दिवस पुरते, ते एकदा तारीख लिहून पाहावे.