जुन्या चित्राला हात लावू नकोस

प्रिय,

काल तू पाठवलेले फोटो रात्री उशिरापर्यंत पाहत बसलो. शिकत असताना कवितांवरून काढलेली ती सात चित्रं आता तुला बाळबोध वाटतात आणि प्रदर्शनाआधी ती ‘जरा दुरुस्त’ करायची आहेत. नको. जुन्या चित्राला हात लावू नकोस.

मी लावला होता. बाविसाव्या वर्षी एका कथेतली, दारात वाट बघणारी म्हातारी रंगवली होती. हात प्रमाणाबाहेर मोठे, अंगठा तर खुंटासारखा. पुढे लाज वाटायला लागली आणि एका दुपारी ते नीट करून टाकले. हात सुधारले, म्हातारी गेली. कथा पहिल्यांदा वाचताना मला तिचे फक्त हातच दिसले होते, हे मी विसरलो होतो. तैलरंग वर्षं जातील तसा पारदर्शक होतो. आता तिरप्या उजेडात तो जुना अंगठा नव्या रंगाखालून वर येतो. बघवत नाही.

तू फ्रेंच चित्रकार देगाचं नाव काढशील. स्पार्टाच्या तरुणांचं चित्र त्याने १८६० च्या सुमारास सुरू केलं आणि वीसेक वर्षं त्यावर पुन्हापुन्हा काम केलं. अगं, पण १८८० च्या प्रदर्शनाच्या यादीत येऊनही ते भिंतीवर लागलं नाही, मरेपर्यंत त्याच्या स्टुडिओतच राहिलं! त्यापेक्षा दुसरा फ्रेंच चित्रकार देलाक्रवा बघ. इंग्रज कवी बायरनच्या कवितेतली जाऊर (तुर्कांच्या तोंडी परधर्मीय) आणि पाशा (तुर्की सरदार) यांची झुंज त्याने १८२६ मध्ये रंगवली, १८३५ मध्ये पुन्हा रंगवली. वेगळ्या कॅनव्हासवर. पहिलं आज शिकागोत आहे, दुसरं पॅरिसमध्ये, दोन्ही शाबूत.

तुझ्या तिसऱ्या चित्रात रिकाम्या खुर्चीमागे सुरीने फासलेला जाड निळा आहे. कवितेत निळा कुठेच नाही. मग तो आला कुठून? तुझ्या तेव्हाच्या वाचनातून. तोच तू खरवडायला निघालीस. कविता पुन्हा वाच, चित्र समोर न ठेवता. वेगळं काही दिसलं तर नवा कॅनव्हास ताण. जुन्याला हात नको.

मला हट्टी म्हणतात. म्हातारीनंतर मी माझी सगळी जुनी चित्रं चुकांसकट लावली, तर कुणीतरी त्याला आळस म्हटलं. आळस नव्हता तो. त्याच कथेवर मी नंतर चार वेळा नव्याने म्हातारी काढली. एकीलाही ते हात आले नाहीत.

सातही चित्रांच्या मागे वर्ष लिही आणि लाव. आणि खुर्चीचं नवं रेखाटन जमेल तितकं झालं की पाठव, अर्धवट असलं तरी.

तुझा,
सर