आई गेल्यावर बाबांना पायी वारी करायची आहे. 64व्या वर्षी झेपेल का?

आई जाऊन सहा महिने झालेत, बाबांना रक्तदाबाची गोळी चालू आहे आणि यंदा आळंदीहून पायी निघायचंच म्हणतात, जाऊ द्यावं का, असं तुम्ही विचारलंय.

जाऊ द्या, पण सुटं नाही, दिंडीतून, म्हणजे एकत्र चालणाऱ्या वारकऱ्यांच्या गटातून. दुःखातल्या माणसाला वारीत जे मिळतं ते बरंचसं दिंडीच्या शिस्तीतून मिळतं. पहाटे उठायचं, ठरलेल्या जागी चालायचं, ठरलेले अभंग म्हणायचे. हातात टाळ असला की शेजाऱ्याच्या ठेक्याला धरूनच पाऊल पडतं. मुक्कामावर पालखी आली की तळावर समाज आरती होते. सोहळ्याची शिस्त सांभाळणाऱ्या चोपदाराने हातातला दंड उंचावला की हजारो टाळ एकदम थांबतात. ज्या दिंडीची काही तक्रार असेल तिचे टाळ मात्र वाजत राहतात आणि चोपदार तिथे जाऊन ऐकून घेतात. हरवलं-सापडलंही तिथेच पुकारतात. आपलं कुणीतरी ऐकतं, हे रोज संध्याकाळी डोळ्यांना दिसतं. घरात एकट्या पडलेल्या माणसासाठी हे फार मोठं आहे.

आता पायांचं. आळंदी ते पंढरपूर साधारण 250 किलोमीटर. सगळ्यात कठीण टप्पा सुरुवातीलाच येतो: पुणे ते सासवड, 30 किलोमीटरच्या वर, मध्ये दिवे घाट आणि बहुतेक वर्षी त्याच दिवशी एकादशी. माणसं मोडतात ती इथे, तीही दमल्यामुळे कमी आणि पायाच्या फोडांमुळे जास्त. पावसात मोजा भिजतो, कातडी मऊ पडते, घासते, फोड येतो. म्हणून नवे बूट नकोत. दोन महिने वापरलेले, बोटांपुढे थोडी जागा असलेले हवेत. मोज्यांचे तीन जोड द्या, विसाव्याला ओला काढून कोरडा घालायचा. मांड्या घासतात तिथे सकाळीच व्हॅसलिन. फोड आलाच तर वरची कातडी काढू नका, झाकून ठेवा. मधुमेह असेल तर फोड दिंडीबरोबरच्या वैद्यकीय पथकाला त्याच दिवशी दाखवायचा.

सराव आठ आठवडे आधी सुरू करा. रोज 3 किलोमीटरपासून, हळूहळू वाढवत, शेवटी लागोपाठ दोन दिवस 15-15. दुसऱ्या दिवशी पाय कसे उचलतात, ते बघायचं. रक्तदाबाच्या काही गोळ्यांनी लघवीवाटे पाणी जास्त जातं, त्यामुळे चालण्याच्या दिवसांतला डोस आणि ओआरएस किती चालेल, दोन्ही डॉक्टरांना विचारा. उपवासाचंही विचारा, एकादशीला निर्जळी नकोच. गोळ्या पंचवीस दिवसांच्या द्या, अर्ध्या पिशवीत, अर्ध्या अंगावर. खिशात नाव, फोन नंबर आणि दिंडी क्रमांकाची चिठ्ठी.

एक गोष्ट मात्र आधी तपासा. बाबा जेवत-झोपत नसतील, किंवा “आता पंढरीतच डोळे मिटावेत” असं बोलत असतील, तर ती भक्तीची भाषा समजून सोडून देऊ नका. आधी डॉक्टर, मग वारी. श्रद्धा दिवे घाट चढवते, पण आजारावरचे उपचार तिच्यावर सोपवू नयेत.

पूर्ण वारी झेपेल असं वाटत नसेल तर पुणे ते सासवडच करा. तिथे पालखीचा दोन रात्री मुक्काम असतो, शरीराचा अंदाज येतो आणि परतायला एसटी मिळते. पंढरपूरआधीचा शेवटचा मुक्काम असलेल्या वाखरीहून शेवटचे काही किलोमीटर चालणारेही वारकरीच.

दिंडीची भिशी, म्हणजे जेवणाची वर्गणी, आधी भरावी लागते. गावातल्या माळकऱ्यांना आत्ताच विचारा. ओळखीची दिंडी तिथूनच मिळेल.