डेस्टिनेशन वेडिंग नक्की कशाला म्हणायचं?

एका ताईंचा प्रश्न आहे. मुलगी नागपूरच्या मनीषनगरची, मुलगा तिथल्याच धरमपेठेतला, लग्न पेंच व्याघ्र प्रकल्पाजवळच्या रिसॉर्टवर. घरातली मोठी मंडळी म्हणतात की दोन तासांवरच्या लग्नाला डेस्टिनेशन वेडिंग म्हणणं हा उगाचचा मोठेपणा. त्याला उदयपूर नाहीतर गोवाच हवं. शब्द चुकतोय का, आणि पत्रिकेत काय छापावं?

ताई, शब्द चुकत नाही. हे लग्न ना अंतरावरून ठरत, ना खर्चावरून. जानोसा कोणाकोणाला लागला, ते बघा.

जानोसा म्हणजे वऱ्हाडाची उतरायची जागा. आपली जुनी रीत अशी, की लग्न मुलीच्या गावी, वऱ्हाड बाहेरून येणार आणि त्याची उतरायची सोय मुलीकडचे करणार. एक बाजू घरची, दुसरी पाहुणी. सीमांतपूजनही त्यातलंच. सीमांत म्हणजे गावाची शीव. नवरदेव शिवेपाशी आला की मुलीकडच्यांनी जाऊन त्याचं स्वागत करायचं. आता ते आदल्या संध्याकाळी कार्यालयातच उरकतं, तरी कोण कोणाच्या गावी आलं हे सगळ्यांना माहीत असतं. पेंचला मात्र दोन्हीकडचे त्याच सकाळी नागपूरहून निघणार आणि एकाच काउंटरवर खोल्यांच्या किल्ल्या घेणार. जानोसा दोघांनाही लागला, कारण तिथे घर कोणाचंच नाही. रिसॉर्ट प्रकल्पाच्या तुरिया गेटकडचा असेल तर राज्याचीही शीव ओलांडली. ते गाव मध्य प्रदेशात, सिवनी जिल्ह्यात येतं.

उलट पुण्याचा मुलगा सहकुटुंब नागपूरला आला आणि वर्धा रोडवरच्या लॉनमध्ये लग्न लागलं, तर प्रवास सातशे किलोमीटरचा असूनही ते डेस्टिनेशन नाही. वऱ्हाड आलं, एवढंच. मुलगा-मुलगी दोघं अमेरिकेत असतील, निम्मे पाहुणे विमानाने येतील, पण लग्न मुलीच्या आईवडिलांच्या नागपुरात असेल, तर तेही घरचंच लग्न.

आळंदीला जाऊन लग्न लावणाऱ्यांचं काय? तिथेही बहुतेकांचं घर नसतं. पण अक्षता पडल्या, जेवणं झाली की लोक परततात. डेस्टिनेशनमध्ये मुक्काम हवाच: हळद, संगीत, लग्न सगळं तिथेच, आणि ती जागा हौसेने निवडलेली. म्हणून शहराबाहेरचं लॉन कितीही लांब असलं, तरी रात्री जेवून लोक आपापल्या घरी झोपणार असतील तर ते साधं लॉनवरचं लग्न.

कायद्यात मात्र जागेने कधी फरक पडतो, कधी नाही. 1955 चा हिंदू विवाह कायदा विधी मागतो, गाव मागत नाही. सप्तपदी पेंचला झाली काय किंवा घरच्या मांडवात झाली काय, सारखीच. 1954 च्या विशेष विवाह कायद्यात मात्र दोघांपैकी एकाचा तरी त्या जिल्ह्यात नोटिशीआधी सलग किमान 30 दिवस रहिवास लागतो. त्यामुळे ज्यांना नोंदणी पद्धतीनेच लग्न करायचंय त्यांनी रिसॉर्टचं बुकिंग करण्याआधी हे बघावं.

मराठी प्रतिशब्द शोधताना ‘स्थळविवाह’ सुचवणारे भेटतात. मला तो अजिबात पटत नाही. लग्नाच्या बोलण्यात स्थळ म्हणजे मुलगा किंवा मुलगी: स्थळ आलं, स्थळ चांगलं आहे, स्थळ हातचं गेलं. स्थळविवाह म्हटलं की ऐकणाऱ्याला ठरवून केलेलं लग्न वाटेल. ‘गंतव्य विवाह’ तर कोणाच्या तोंडी यायचाच नाही. बोलताना डेस्टिनेशन वेडिंग खुशाल म्हणावं, तो आता मराठीत रुळलाय.

पत्रिकेत मात्र तो छापू नये असं मला मनापासून वाटतं. पाहुण्याला लग्नाचा प्रकार कळून उपयोग नाही. बस कुठून, किती वाजता आणि रात्री राहायचंय का, हे त्याला हवं असतं. तेव्हा ‘विवाहस्थळ’ लिहून खाली रिसॉर्टचं नाव, गाव आणि जिल्हा द्या, आणि त्याखाली एक ओळ: ‘दोन्ही दिवस मुक्कामाची सोय केली आहे, बस सकाळी नागपूरहून सुटेल.’ वेळ आणि बस सुटायची जागा ठळक छापा.